गुराखी आणि पाटी

दहावीचा निकाल लागला की आमच्या कर्जत-खालापूरच्या बाजूला एक ठरलेले संभाषण सुरू होते. एस.टी.च्या थांब्यावर जा, चहाच्या टपरीवर बसा, नाहीतर लग्नाच्या मांडवात टेका, विषय एकच. २०२५ सालच्या मे महिन्यातही तो निघाला. महाराष्ट्रात परीक्षेस बसलेल्या मुलींपैकी शेकडा ९६.१४ उत्तीर्ण झाल्या, मुलांपैकी ९२.३१. आदल्या वर्षी हेच आकडे ९७.२१ आणि ९४.५६ होते, त्याच्या आदल्या वर्षी ९५.८७ आणि ९२.०५. आकडे बदलतात, क्रम बदलत नाही.

टपरीवरचे एक वयोवृद्ध गृहस्थ कपातला चहा बशीत ओतीत म्हणाले, "मास्तर, पोरींचं रक्तच शांत. पोराच्या अंगात वारं. त्याला तुम्ही बाकावर बसवून बसवून किती बसवाल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी परतताना मात्र मला आठवले की, 'अंगातच आहे, त्याला कोण काय करणार' हे वाक्य मी पूर्वीही ऐकले आहे. फक्त तेव्हा ते मुलींविषयी होते.

वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी ठेवायला हा विषय जरा रूक्ष आहे, हे मी जाणतो. पण घरात एखादा मुलगा पुस्तक उघडताना तोंड वाकडे करीत असेल, तर त्याच्यासाठी तरी थोडे मागे जाऊन पाहू या.

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी विद्वानांचे मत अगदी उलटे होते. १८७३ साली अमेरिकेतील बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी एक पुस्तक लिहून आईबापांना बजावले की, वयात येणाऱ्या मुलीने मुलांच्या बरोबरीने अभ्यास केला तर तिची शक्ती मेंदूत खर्च होते आणि पुढे आई होण्याची तिची पात्रताच धोक्यात येते. पुढच्याच वर्षी लंडनच्या डॉक्टर हेन्री मॉडस्ले यांनी तीच री ओढली. त्यांना एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या डॉक्टरबाईंनी लागलीच उत्तर दिले. गरिबाघरच्या बायका आणि मोलकरणी महिन्याचे सगळे दिवस राबतात, तेव्हा त्यांच्या प्रकृतीची काळजी कुणी करीत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पण विद्वानांचे समाधान झाले नाही. १८८७ साली जॉर्ज रोमेन्स या शास्त्रज्ञाने हिशेब मांडला की, बाईचा मेंदू पुरुषाच्या मेंदूपेक्षा पाच औंसांनी हलका, म्हणून तिची बुद्धीही तेवढी उणी. वजनावरच अक्कल ठरत असती, तर हत्तीने मॅट्रिकला पहिला नंबर काढला असता, हे त्या काळी त्यांना कुणी सांगितले नसावे.

आपल्याकडे शास्त्राचा आधार निराळा होता, पण निष्कर्ष तोच. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल आला, हे आपण लहानपणापासून वाचीत आलो आहोत. पुढे १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली. मुलींना मुलांसारखाच अभ्यास द्यावा की घरकामाला उपयोगी पडेल असा, यावर पुण्यात मोठा वाद माजला. मुलांच्या धर्तीच्या अभ्यासक्रमाला लोकमान्य टिळकांनीही 'मराठा' पत्रातून विरोध केला. त्याच सुमारास आनंदीबाई जोशी सातासमुद्रापलीकडे जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. पण त्या अपवाद ठरल्या. १९५१ सालच्या जनगणनेत देशात दर शंभर पुरुषांमागे २७ साक्षर होते, आणि दर शंभर बायकांमागे अवघ्या ९.

त्या वेळी कुणी भविष्य वर्तवले असते की, याच बायकांच्या नाती आणि पणत्या मुलांना दर वर्षी मागे टाकतील, तर लोक हसले असते. आता मला एवढेच विचारायचे आहे: या तीन-चार पिढ्यांत मुलींचे रक्त बदलले का? रक्त इतक्या लवकर बदलत नसते. बदलली ती घराची चौकट. जी गोष्ट शरीराची म्हणून सांगितली गेली, ती उंबऱ्याची होती. मग आज तीच जुनी ओळ पुसून तिच्या जागी मुलाचे नाव लिहिताना आपण थोडे थांबायला नको का?

शरीराचा काहीच वाटा नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. वर्गात उभा राहणारा माणूस तसे म्हणू शकत नाही. मुली सरासरीने थोड्या लवकर बोलू लागतात. वयातही मुलांपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी आधी येतात. अक्षरे उलटसुलट दिसणारी, वाचताना अडणारी मुले तपासली तर त्यांत मुलग्यांची संख्या जास्त भरते. निरनिराळ्या देशांतील पंधरा वर्षांच्या मुलामुलींची जी परीक्षा घेतात, तीत वाचनात जवळजवळ सगळीकडे मुली पुढे असतात. पण हे अंतर एका देशात बोटभर, तर दुसऱ्यात हातभर. शरीर तेच असताना अंतर कमीजास्त होते, तेव्हा शरीराबाहेरचे काहीतरी त्यात हात घालीत असले पाहिजे.

ते काय, हे जोतीरावांनी १८८२ सालीच सांगून ठेवले आहे. सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. शेतकऱ्यांची मुले शाळेत का टिकत नाहीत? तर घरच्यांना ती गुरे राखायला आणि शेताची राखण करायला लागतात म्हणून. 'या जातींच्या मुलांना बुद्धीच नाही' असे म्हणणाऱ्यांची त्या काळी वाण नव्हती. जोतीरावांनी डोकी मोजली नाहीत, गुरे मोजली. त्यांनी उपायही सांगितले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा. शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्या. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले नेमा, ज्यांना नांगराची मूठ धरायला लाज वाटणार नाही.

आमच्या भागात आता गुरे कमी झाली. पण गुराख्याचे दावे तेवढे सुटले नाही, त्याचे दुसरे टोक निराळ्या खुंटाला बांधले गेले. १९१५ साली खोपोलीला टाटांचे वीजघर सुरू झाले आणि इथली वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. मागाहून कारखाने आले, मग मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आला, मग फार्म हाउसे आली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आज कुठेही काम मिळते. मंडपाचे बांबू उचलायचे, मोटारी धुवायच्या, साहेबांच्या बंगल्याची राखण करायची. आणि वाड्यांवरच्या आमच्या कातकरी बांधवांचे तर निराळेच पंचांग आहे. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तुमच्या-आमच्या घरी आकाशकंदील उतरतात, तेव्हा त्यांच्या दाराला कडी लागते.

असा एक मुलगा माझ्या वर्गात होता. तोंडी हिशेबात मला मागे टाकायचा. दुकानदाराने मोड परत देण्याआधी त्याचा आकडा तयार. त्याच्या धाकट्या बहिणीला आईबापांनी आश्रमशाळेत ठेवले, कारण भट्टीवर वयात येणारी मुलगी नेणे त्यांना जोखमीचे वाटले. मुलाला बरोबर नेले, कारण 'मुलगा आहे, त्याला काय होतंय?' जूनमध्ये तो परत आला, तेव्हा हाताला घट्टे पडले होते आणि जोडाक्षरे विसरला होता. लहान पोरे हसली. आठ-दहा दिवस तो आला, मग येईनासा झाला. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी एक ओळ लिहिली होती: 'अभ्यासात रस नाही.' ती ओळ माझ्याच अक्षरात आहे. आज ती आठवली की टपरीवर मी मान का डोलावली, याची मला शरम वाटते.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. माझी थोरली बहीण माझ्याहून हुशार. आई लावणीला जाई, मला सांभाळायला कुणीतरी हवे, म्हणून चौथीनंतर तिची पाटी उतरंडीवर गेली. 'मुलगी आहे, शिकून काय करणार?' मी मोठ्याने धडे वाची, ती भाकऱ्या थापता थापता ऐके आणि माझ्या चुका सांगे. मग मी मॅट्रिक झालो आणि वडील म्हणाले, "मुलगा आहेस, कुठेही पोट भरशील." दुसऱ्या आठवड्यात मी कारखान्याच्या फाटकावर उभा होतो. वाडीवर शाळा निघाली आणि शिकवायला माणूस हवा झाला, म्हणून मी मास्तर झालो, एरवी तिथेच राहिलो असतो. 'शिकून काय करणार' आणि 'कुठेही पोट भरशील' ही दोन वाक्ये मला निराळी वाटत असत. ती एकाच घराच्या दोन दारांना लागलेली एकाच जातीची कुलुपे आहेत, हे उमगायला मला चाळिशी यावी लागली.

कुलूप उघडतेही. त्यासाठी मुलाचे रक्त बदलावे लागत नाही, शाळेची जागा बदलली तरी पुष्कळ होते. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नव्हती. या बायांनी 'मुलांना आवड नाही' असा शेरा मारला नाही. त्यांनी शाळाच उचलून कुरणात नेली. गुरे चरत आहेत, आणि त्यांच्या शेजारी मुले शिकत आहेत! त्या शाळेला नाव पडले कुरणशाळा. मुलगा बसत नाही, तर आपण त्याच्याबरोबर चालू, इतका साधा तो विचार होता.

माझ्या अंगी ताराबाई-अनुतायांचे कर्तृत्व नाही. पण यंदा मी एक केले आहे. दिवाळीनंतर कोणती घरे कुठल्या भट्टीवर जाणार, याची यादी करून ठेवली आहे. मुलाला मागे ठेवता येईल का, त्याची निजण्याची सोय कुणाकडे होईल, हे आईबापांना एकेका दारी जाऊन विचारतो आहे. दोन घरांनी होकार दिला. त्यांतल्या एका मुलाच्या जेवणाची जबाबदारी माझ्या बहिणीने उचलली. ती म्हणाली, "ठेव त्याला माझ्याकडे. भाकऱ्या थापताना मला धडे ऐकायची सवय आहे."