मुंबईच्या सनदेची कुळकथा

तारकर्लीच्या पुळणीवरून उत्तरेस मालवणच्या समुद्रातला सिंधुदुर्ग पाहताना, १६६४ साली शिवछत्रपतींनी त्याचा पाया घातला हे आपणांस सहज आठवते. परंतु त्याचे तट उभे राहून वर्ष लोटते न लोटते तोच, याच किनाऱ्यावरील इंग्रजी अमलाचा पाया एका सनदेने घातला गेला, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

१६६१च्या तहाने पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर आंदण आलेली मुंबई दुसऱ्या चार्ल्सने २७ मार्च १६६८ रोजी, सालिना दहा पौंडांच्या खंडावर, ईस्ट इंडिया कंपनीस बहाल केली. इतके सर्वश्रुत आहे. त्या सनदेतील एक कलम मात्र सावकाश वाचण्याजोगे आहे : कंपनीने हे बेट केंट परगण्यातील ईस्ट ग्रिनिच या राजाच्या खाशा जहागिरीचा भाग म्हणून धारण करावे! म्हणजे आपल्या कोळ्यांची खाजणे आणि भंडाऱ्यांच्या माडांच्या वाड्या, कायद्याच्या दृष्टीने, थेम्सकाठच्या शिवारात मोडू लागल्या.

ही भाषा मुंबईकरिता घडवलेली नव्हती. पहिल्या जेम्सने १० एप्रिल १६०६ रोजी व्हर्जिनियाच्या वसाहतीस दिलेल्या सनदेत ती अक्षरशः आढळते, आणि १६२९च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेतही तीच आहे. कारण व्यवहारी होते : त्या जहागिरीच्या शिरस्त्याने जमीन धरणाऱ्यास राजाची लष्करी चाकरी करावी लागत नसे, ठरीव खंड भरला की तो मोकळा, म्हणून सागरापार भांडवल घालणारे व्यापारी हीच शर्त मागून घेत. वसाहतीत जन्मलेली राजाच्या प्रजाजनांची संतती इंग्लंडात जन्मल्याप्रमाणेच मानावी, आणि तेथील कायदे इंग्लंडच्या कायद्यास विरोधी नसावेत, ही कलमेही त्याच घराण्यातून मुंबईस आली.

येथवर कूळ एक. पुढे मात्र वाटा फुटल्या, आणि माझ्या मते त्या कलमांमुळे नव्हे, तर दप्तर कोणाच्या हाती राहिले यामुळे फुटल्या. मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत कंपनीच्या सभेचे ठिकाण नमूद नव्हते. तेवढ्या फटीचा लाभ घेऊन १६३० साली जॉन विन्थ्रॉपची मंडळी मूळ सनदच गलबतावर घालून घेऊन गेली, आणि व्यापारी मंडळाची सभा हीच रहिवाशांची राज्यसभा झाली. मुंबईची सभा लंडनमध्येच राहिली. बेटावरचा कारभार सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष पाही, आणि ज्यांच्या वाड्यांवर ती सनद लागू झाली त्यांना तीत मत नव्हते. त्याच कंपनीने १७६५त सिंधुदुर्ग जिंकून त्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, पुढल्या वर्षी तो करवीरकरांस परत केला, आणि १८१२च्या तहाने मालवण कायमचे आपल्या अमलाखाली घेतले.