लास वेगास : एका मुक्कामाचा इतिहास

लास वेगासला जाण्याचा बेत करणारा प्रवासी हल्ली प्रथम दिवसांची वाटणी करतो : दोन रात्री द्यूतगृहांच्या रोषणाईला, एक दिवस हूवर धरणाला, एक ‘व्हॅली ऑफ फायर’च्या तांबड्या खडकांना, आणि रजा शिल्लक उरलीच तर एक दिवस, पहाटे उठून गाठायच्या, ग्रँड कॅन्यनला. या वाटणीत शहर हे मूळ आणि भोवतालचा मुलूख ही पुरवणी, असे गृहीत धरलेले असते. परंतु जुने दप्तर उघडून पाहिले तर क्रम उलटा लागतो. कारण ज्या काळी या गावाला जुगाराचा लौकिक मुळीच नव्हता, त्या काळीही माणसे येथे उतरत होती, आणि उतरत होती ती दुसरीकडे कोठे तरी जाण्यासाठी.

‘लास वेगास’ म्हणजे स्पॅनिश भाषेत कुरणे. न्यू मेक्सिकोहून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या व्यापारी तांड्यांना मोहावेच्या वैराण वाळवंटात भूमीतून आपोआप उसळणारे झरे आणि त्यांच्या काठचे गवत आढळले, आणि जनावरांना चारापाणी मिळण्याची सोय एवढ्याच गुणावर त्या जागेचे नामकरण झाले. सदर्न पायूट लोक त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या त्या झऱ्यांवर नांदत होते, हा तपशील नामकरणाच्या कथेत सहसा येत नाही. १८५५ साली मॉर्मन पंथीयांनी येथे कच्च्या विटांची गढी बांधली आणि दोनच वर्षांत ती सोडून दिली. पुढे हेलन स्टुअर्ट या बाईने, १८८४ साली पतीचा गोळीबारात अंत झाल्यावरही, झऱ्यांकाठची शेतीवाडी अनेक वर्षे एकहाती सांभाळून १९०२ साली ती सिनेटर विल्यम क्लार्क यांच्या रेल्वे कंपनीला विकली, आणि त्या कंपनीने १५ मे १९०५ रोजी रुळांशेजारच्या भूखंडांचा लिलाव पुकारला. तांडे गेले, आगगाड्या आल्या. पण पाण्यासाठी थांबण्याचे ठिकाण हा गावाचा धर्म बदलला नाही.

१९३१ हे साल मात्र दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९ मार्च रोजी गव्हर्नर बाल्झर यांनी, १९१० पासून नेवाडात बंद असलेला जुगार पुन्हा कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर स्वाक्षरी केली. आणि त्याच वर्षी, शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर, कोलोराडो नदीच्या ब्लॅक कॅन्यनमध्ये हूवर धरणाचे काम सुरू झाले. मंदीने देशोधडीस लागलेले मजूर हजारोंनी आले. त्यांच्यासाठी संघराज्य सरकारने बोल्डर सिटी हे नवे गाव वसवले आणि तेथे मद्य व द्यूत यांना मज्जाव केला. परिणाम असा की पगाराचा दिवस उजाडला की मजुरांची पावले लास वेगासच्या फ्रीमाँट स्ट्रीटकडे वळत. पण मजुरांच्या बरोबरीने, किंबहुना गावाच्या भवितव्याच्या दृष्टीने त्यांच्याहून अधिक महत्त्वाचे, असे दुसरे लोक आले : प्रेक्षक. दोरांना लोंबकळत शेकडो फूट उंचीच्या कड्यावरचे सैल दगड पाडणारी माणसे पाहायला मोटारींतून कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली. सरकारी दप्तरात या बांधकामावरील ९६ अपघाती मृत्यूंची नोंद आहे. उन्हाने वा आजाराने गेलेले त्या संख्येत धरलेले नाहीत. ३० सप्टेंबर १९३५ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २२१ मीटर उंचीच्या त्या भिंतीचे लोकार्पण केले, आणि गावाने ‘धरणाचे प्रवेशद्वार’ अशी स्वतःची जाहिरात मांडली. म्हणजे या शहराने पाहुणा हेरला तो फाशांच्या मेजावर नव्हे, धरणाच्या वाटेवर.

ज्यांचे गाव या धरणाच्या पाण्याखाली गेले त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. सेंट थॉमस ही मॉर्मनांची जुनी वसाहत. धरणामागच्या लेक मीड या जलाशयाचे पाणी दाराशी आले तेव्हा, १९३८ साली, तिचा अखेरचा रहिवासी नावेत बसून बाहेर पडला. गेल्या काही दशकांत जलाशय आटत चालल्याने त्या घरांची जोती पुन्हा उघडी पडली आहेत, आणि आता तीही प्रेक्षणीय स्थळांत जमा झाली आहेत.

महायुद्धाच्या सुमारास हवा पालटली. १९४१ साली लॉस अँजेलिसच्या रस्त्यावर, नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, एल रँचो वेगास हे हॉटेल निघाले आणि पाठोपाठ इतर निघाली. हॉटेलांच्या या जगप्रसिद्ध ‘स्ट्रिप’चा बहुतेक भाग आजही शहराच्या हद्दीत मोडत नाही, ही गंमत तेथे जाऊन आलेल्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

यानंतरच्या काळातील एक सहल मात्र मला जुगाराहून शतपटीने निंद्य वाटते. जानेवारी १९५१ पासून शहराच्या वायव्येस सुमारे १०५ किलोमीटरवर अणुबाँबच्या चाचण्या होऊ लागल्या, आणि येथील व्यापारी मंडळाने पाहुण्यांसाठी स्फोटांच्या नियोजित वेळा व ते पाहण्याच्या उत्तम जागा दर्शविणारी दिनदर्शिका काढली! शिदोरी बांधून लोक डोंगरावर जात, हॉटेलांच्या गच्च्यांवर पेले हाती घेऊन पहाटेची वाट पाहत. वारा लास वेगासकडे वाहत नसेल असा मुहूर्त साधला जाई. तो ज्या दिशेला वाही त्या दक्षिण यूटामधील सेंट जॉर्जसारख्या गावांवर किरणोत्सर्गी धूळ पडे. आकाशातील हा तमाशा १९६२ साली थांबला. वाऱ्याच्या वाटेवरच्या रुग्णांना भरपाई देणारा कायदा मंजूर व्हायला मात्र १९९० साल उजाडावे लागले.

आता बेत करणाऱ्यांसाठी दोन शब्द. ग्रँड कॅन्यनची पश्चिम कड, जेथे २००७ साली काचेचा सज्जा उभारला गेला, ती वालापाई लोकांच्या मालकीची आहे, राष्ट्रीय उद्यानाची नव्हे. उद्यानाची दक्षिण कड सुमारे ४५० किलोमीटर दूर असल्यामुळे एका दिवसात तेथे जाऊन परतणे म्हणजे दरीपेक्षा रस्ताच अधिक पाहणे होय. डेथ व्हॅलीचे नाव उन्हाळ्यात काढू नये : १० जुलै १९१३ रोजी तेथे ५६.७ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली आहे. आणि परतीच्या विमानाआधी अर्धा दिवस मोकळा असेल, तर शहराच्या मध्यापासून काही मिनिटांवर असलेली, ज्यांच्यामुळे हे सारे घडले त्या झऱ्यांची जागा पाहून यावी. आज तेथे उद्यान आहे. झरे १९६२ सालीच वाहायचे थांबले.