व्हिजिट व्हिसावर दुबईला जाताय? आधी एवढं समजून घ्या

श्रीवर्धन-म्हसळा असो की मुंब्रा, आपल्या वस्त्यांत घरटी कुणी ना कुणी आखातात असतंच. त्यामुळे 'आधी व्हिजिटवर ये, काम तिकडे बघू' हे वाक्य कुणाला नवं नाही. पण सगळ्यात महागात पडतं तेही हेच.

व्हिजिट व्हिसा म्हणजे फिरायला किंवा नातेवाइकांना भेटायला मिळालेली थोड्या दिवसांची परवानगी. यूएईत त्यावर पगारी काम करणं बेकायदा आहे. तिथल्या 2024 च्या कायद्यानुसार, परवान्याविना माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला 1 लाख ते 10 लाख दिरहम दंड होऊ शकतो. कंपनीने वर्क परमिट काढलं तरच काम सुरू करायचं. 'दोन आठवडे ट्रायलवर कर, मग व्हिसा लावू' असं कुणी म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. पगार बुडाला तर दाखवायला हातात कागदच नसतो.

आता आपल्या बाजूची गोष्ट. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुतेकदा ईसीआरचा शिक्का असतो. अशांना नोकरीसाठी यूएईला जाताना भारत सरकारची इमिग्रेशन मंजुरी लागते. फिरायला जाताना लागत नाही. काही एजंट नेमकी हीच फट वापरतात. मंजुरीची कटकट नको म्हणून पोराला व्हिजिटवर बसवून देतात. पण त्या मंजुरीत नोकरीचा करार तपासला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचं 10 लाखांचं संरक्षण मिळतं. व्हिजिटवर गेलेल्याला यातलं काहीच नाही. एजंट नोंदणीकृत आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. नोंदणीकृत एजंटला 30 हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणाऱ्याला आधी त्याचा परवाना विचारा.

खरंच भेटायला जाणाऱ्यांचा घोळ होतो तो दिवसांच्या हिशोबात. साधारणपणे व्हिसा निघाल्यापासून 60 दिवसांत यूएईत शिरायचं असतं. राहण्याचे 30 किंवा 60 दिवस मात्र तिथे पोचल्यापासून मोजतात. या दोन तारखा वेगळ्या आहेत. मुदत उलटली की माणशी रोज 50 दिरहम दंड. चौघांचं कुटुंब दहा दिवस जास्त राहिलं तर 2,000 दिरहम गेले. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधीच हालचाल करा.

पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा. परतीचं तिकीट आणि ज्यांच्याकडे उतरणार त्यांचा पत्ता-फोन कागदावर लिहून ठेवा, मोबाइलची बॅटरी ऐन वेळी दगा देते. व्हिसा खरा आहे का, तेही निघण्याआधी ऑनलाइन बघता येतं: दुबईने दिलेला असेल तर जीडीआरएफएच्या संकेतस्थळावर, बाकी अमिरातींचा आयसीपीच्या.

तिथे पोचल्यावर पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात देऊ नका. तो अडवून ठेवण्याचा मालकाला अधिकार नाही. अडचण आलीच तर यूएईतून 800 46342 हा प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री नंबर लावा.