गिंडीचे कुंपण

मद्रास शहरातील द्यूत आणि तेथील गुन्हेगारी यांचा संबंध शोधू जाणाऱ्याने पोलिसांच्या दप्तराआधी कायद्याची कलमे चाळावी; कारण कोणता डाव विलास आणि कोणता अपराध, हे तेथे डावाच्या स्वरूपापेक्षा तो कोठे आणि कोणाच्या मंजुरीने मांडला गेला यावरूनच अधिक ठरत आले आहे.

१९३० साली त्या इलाख्यात जुगारबंदीचा जो कायदा झाला, त्याने सोडत सरळ वगळली आणि घोड्यांच्या शर्यतीवरील पैज दोन अटींवर निर्दोष ठरविली : ती शर्यतीच्याच दिवशी लागावी, आणि आवारात सरकारी मंजुरीने राखलेल्या जागीच लागावी. म्हणजे १८९६ साली स्थापन झालेल्या मद्रास रेस क्लबच्या गिंडी येथील मैदानात एखाद्या वकिलाने शंभर रुपये उधळले तरी तो सभ्य गृहस्थच. परंतु त्याच घोड्यावर कुंपणाबाहेरच्या गल्लीत एखाद्या हमालाने आठ आणे लावले, की घेणारा आणि देणारा दोघेही आरोपी. महालक्ष्मीचे मैदान आणि वरळीचा मटका शेजारी नांदलेले पाहणाऱ्या मुंबईकराला हा न्याय नवा वाटू नये.

खरा अनर्थ यापुढचा. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमान्वये पैजेचा करार शून्यवत असल्याने गल्लीतील बुडीत रकमेसाठी दिवाणी न्यायालयाचे दार बंद. मग वसुलीला दंडेली आणि पोलिसांची नजर चुकविण्याला हप्ता, अशी एका गुन्ह्याच्या पोटी दुसऱ्या गुन्ह्यांची पैदास होते. द्यूताने माणूस चोर होतो, हे धर्मशास्त्राचे म्हणणे मला अमान्य नाही. पण चोरट्या धंद्याला गुंड लागतो, हे त्याहून खरे.

सरकारची नीतीही डळमळतीच राहिली. १९६८ मध्ये अण्णादुराईंच्या कारकिर्दीत सरकारच सोडतीची तिकिटे विकू लागले. १९७४ मध्ये त्याच पक्षाच्या सरकारने शर्यतीच बंद करण्याचा कायदा केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरविला, आणि ती बंदी निष्फळ झाली. आणि २००३ मध्ये जयललितांच्या सरकारने सोडतीची विक्री समूळ बंद केली, तेव्हा कालपर्यंतचा उजळ माथ्याचा तिकीटविक्रेता तोच धंदा चालू ठेवताच फौजदारी गुन्ह्याचा धनी झाला.

गिंडीचे जे मैदान १९७४ च्या कायद्याला बंद करता आले नाही, ते सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये भाडेपट्टा रद्द करून मोहोरबंद केले. कारण मात्र जुगाराचे नव्हते, जमिनीचे होते.