वरातीतला बेंजो आणि त्याचा स्पीकर

बारामती-इंदापूर भागात वरातीपुढे वाजणारा ‘बेंजो’ हा पाश्चात्त्य बँजो नसून, १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी घडवलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा, म्हणजेच भारतात बुलबुलतरंग या नावाने रुळलेल्या कळांच्या तंतुवाद्याचा, विजेवर चालणारा वंशज आहे. मूळ वाद्याचा आवाज बैठकीच्या खोलीपुरता. ताशाच्या गजरात तो तगावा म्हणून त्याला पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारे साधन, जोडावे लागले आणि वाद्याचा गळा स्पीकरकडे गेला.

१९२५ साली राइस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी मांडलेली स्पीकरची रचना, चुंबकाच्या फटीत हलणारी कॉइल आणि तिला चिकटवलेला कागदी कोन, मुळात आजही तीच आहे. झेपेल त्याहून अधिक शक्ती मिळाली की कॉइल तापून जळते, आणि वरातीत आवाज कमी ठेवण्याची रीत नसल्याने स्पीकर बदलणे ओघानेच येते. नवा स्पीकर खोक्याच्या भोकात बसला म्हणजे काम झाले, हा समज मात्र महागात पडतो. आठ ओहमच्या (ओहम हे विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधाचे माप) जागी चार ओहमचा जोडल्यास स्पीकरला शक्ती पुरवणारा ट्रान्झिस्टर अँप्लिफायरच जळू शकतो.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर, म्हणजे वरातीतल्या या स्पीकरवरही, निर्बंध आणले. बारामती आणि इंदापूर याच दोन गावांतून आषाढी वारीला जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीचा नाद मात्र अजूनही मुख्यतः टाळ-मृदंगाचाच आहे.