माणिकपूर, मुंबई आणि ‘मिसडिमीनर’

वसई प्रांतींचे जुने कागद चाळतांना ‘गुन्हेगारी’ ह्या शब्दापाशीं वाचकानें जरा थांबावें. पेशवाईंतील निवाड्यांत तो शब्द अपराधाचा नव्हे, दंडाचा वाचक आहे. वाद जिंकणाऱ्यानें ‘हरकी’ द्यावयाची व हरणाऱ्यानें ‘गुन्हेगारी’. ती रक्कम कागदांत आढळली म्हणून तेथें चोरी अगर मारामारी घडलीच होती असें ठरत नाहीं.

पेशवाईच्या अखेरीस माणिकपुरास इंग्रजी अंमल लागला. परंतु तेथील रयतेस इंग्लंडचा फौजदारी कायदा लागला नाहीं. तो मुंबई बेटांत, १८२३ च्या सनदेनें स्थापिलेल्या सुप्रीम कोर्टांत चाले. बेटाबाहेरील मुलखास १८२७ चें १४ वें रेग्युलेशन लागू होतें.

‘फेलनी’ व ‘मिसडिमीनर’ हे भेद त्या इंग्रजी कायद्याचे. मिसडिमीनर म्हणजे किरकोळ गुन्हा, हें भाषांतर फसवें आहे. फेलनीची मूळ खूण मिळकतीची जप्ती ही होय. म्हणून बारा पेन्सांपर्यंतची चोरी फार काळ फेलनींत गणली जाई, तर खोटी साक्ष व कट हीं मिसडिमीनरांत.

१८६० ची दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून अंमलांत आली. तिनें हा भेद स्वीकारलाच नाहीं. खुद्द इंग्लंडनें तो १९६७ च्या कायद्यानें मोडला. तेव्हां माणिकपूरकडील फौजदारी कागदांवर ‘मिसडिमीनर’ अशी चिठ्ठी लावणें अयोग्य होय. संग्राहकानें कागदांतील मूळ शब्दच यादींत नोंदवावा.