फुनाफुटीचं भोक

तुवालूला जायचं तर फिजीतल्या सुवाहून विमान पकडा. उतराल ती धावपट्टी अमेरिकन सैन्याने १९४३ साली बांधलेली. संध्याकाळी तिच्यावर पोरं खेळतात. "बुडायच्या आत बघून घेऊ" म्हणून हल्ली लोक येतात. पण शास्त्रज्ञ इथे पहिल्यांदा आले ते वेगळ्याच बुडण्यासाठी.

१८४२ साली डार्विनने मांडलं होतं की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं, कडेचे प्रवाळ उजेडासाठी वर वाढत राहतात आणि शेवटी बेट जाऊन नुसतं प्रवाळाचं कडं उरतं. जॉन मरेला हे पटलं नाही. त्याच्या मते समुद्रातल्या उंचवट्यांवर प्रवाळाचा फक्त वरचा थर असतो. आता बघा, भिंती बांधणारे प्रवाळ उथळ, उजेडाच्या पाण्यातच जगतात. म्हणजे भोक पाडायचं आणि ते किती खोलवर सापडतात ते मोजायचं. प्रयोग सांगायला इतका सोपा!

रॉयल सोसायटीने १८९६ मध्ये सोलास यांना फुनाफुटीला धाडलं. शंभरेक फुटांवर सैल वाळू आणि दगडांनी काम अडवलं. पुढच्या वर्षी सिडनीचे भूशास्त्रज्ञ एजवर्थ डेव्हिड आले, सोबत पत्नी कॅरा. तिने त्या मुक्कामावर पुस्तक लिहिलं. मोहिमेच्या अहवालांपेक्षा मला तेच जास्त जवळचं. १८९८ साली भोक १,११४ फुटांवर, म्हणजे सुमारे ३४० मीटरवर पोचलं. तळ लागला नाहीच. वरपासून खालपर्यंत प्रवाळ आणि चुनखडक. तरी वाद मिटेना! विरोधक म्हणाले, ही तर भिंतीवरून घसरलेली डबर.

निकाल लागला १९५२ मध्ये, मार्शल बेटांतल्या एनिवेटोकवर. सुमारे १,४०० मीटर खाली बेसाल्ट लागला, डार्विन बरोबर ठरला. पण तिथे ड्रिल पोचलं कसं? अमेरिकेने अणुचाचण्यांसाठी ते बेट घेतलं होतं आणि तिथल्या माणसांना १९४७ मध्येच उजेलांगला हलवलं होतं. पाठ्यपुस्तकात डार्विनचा विजय असतो, हे वाक्य नसतं.

फुनाफुटीवर ती जागा आजही 'डेव्हिड्स ड्रिल' म्हणून दाखवतात. खाली शेकडो मीटर प्रवाळ आहे. समुद्राच्या वर मात्र तुवालूची जमीन कुठेच पाच मीटरही भरत नाही. समुद्र चढतोय. २०२३ च्या करारानुसार ऑस्ट्रेलिया दरवर्षी २८० तुवालूवासीयांना राहायला घेणार आहे. लोकसंख्या साधारण अकरा हजार; भागाकार तुम्हीच करा.